आमच्यात याला चान्या म्हणतात

काकूंनी हात धुतले. साबण लावून, पार कोपरापर्यंत. त्याच हातानं आत्तापर्यंत त्या माझ्या मुलीला पुरणपोळीचा घास भरवत होत्या. मित्रा नऊ वर्षांची. तोंडातला घास तसाच धरून ती नळाकडे बघत राहिली. मग काकू सुनेला म्हणाल्या, "मुग्धा, तिची ताटली वेगळी ठेव हो."

हे माझ्या गावातलं नाही. येनातलं आहे, जर्मनीतलं. रविवारची दुपार, तिसऱ्या मजल्यावरची चकचकीत वोनुंग म्हणजे फ्लॅट, पाच-सहा मराठी कुटुंबं. घर निखिलचं. निखिल माझ्याच कंपनीत, माझ्या वरचा. काकू त्याची आई, पुण्याहून आलेल्या. नवरा ड्युटीवर होता म्हणून मी आणि मित्रा दोघीच गेलो होतो.

निमित्त सफारीचं. निखिल आणि मुग्धा दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाजगी अभयारण्यात राहून आले होते. भिंतभर टीव्हीवर व्हिडिओ. खोलीला स्वतःचा पोहण्याचा तलाव, तलावापलीकडे हत्ती. उघडी जीप. जीपच्या नाकावर पत्र्याची खुर्ची आणि तिच्यात माग काढणारा काळा माणूस. सिंह आला तर आधी तो. निखिल म्हणाला, "या लोकांच्या रक्तातच असतं, शिकवावं लागत नाही." मग म्हणाला, "पूर्वी आत वस्त्या होत्या. हलवल्या. आता काय शांतता आहे!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग सिंहिणींनी म्हैस पाडली. रानम्हैस. एकीनं नरडं धरलं, दुसरीनं मागून पोट फाडलं. आतडी बाहेर आली तरी म्हैस पाय झाडत होती. निखिलनं आवाज वाढवला. हाडं मोडल्याचं ऐकू येत होतं. आणि आमची मंडळी कटाची आमटी भुरकत होती. याच घरात मी एकदा अंड्यांचा केक आणला, तर तो बाल्कनीत ठेवायला लावला होता. घरात चालत नाही म्हणे. नाकानं कांदे सोलणारी माणसं रक्तानं माखलेलं तोंड झूम करून बघत होती.

पुढचा व्हिडिओ लॉजच्या मुदपाकखान्याचा. तारेवर काळपट, वाळलेल्या मांसाच्या पट्ट्या. निखिल कॅमेऱ्यात बघून एक पट्टी दातानं तोडतोय. "बिल्टॉन्ग," तो आम्हाला म्हणाला. "घरी नाही खात आपण, पण तिकडे सगळं ट्राय करायचं. वाइनबरोबर काय लागतं!"

काकूंच्या मांडीवर बसलेली मित्रा ओरडली, "दास हाट माइने आजी आउख!" आणि ज्यांना जर्मन येत नाही त्यांच्यासाठी हौसेनं मराठीत, "माझ्या आजीकडे पण असतं हे. डब्यात. म्हशीचं. ती निखाऱ्यावर भाजून देते."

मग निखिल हसला. "म्हणजे? तुमच्याकडे शिकार करतात?" सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं, "शिकार कसली. मेलेलं ओढायचं काम ना यांच्याकडे." हसणं झालं. पोरंसुद्धा हसली. काकूंनी मित्राला मांडीवरून उतरवलं आणि उठल्या.

त्या नळाच्या आवाजात मला आमची शाळा दिसली. चौथीत होते. डब्यात भाकरी आणि चान्या. आई वाळवलेल्या मांसाच्या त्या पट्ट्या चुलीत भाजून द्यायची. गुरुजींना वास आला. दोन पोरांनी माझे हात धरले. गुरुजींनी रूळ माझ्या तोंडात घातला, घशापर्यंत. "काढ बाहेर," म्हणाले. हिरडी फाटली. मी ओकले, रक्तासकट. ते मला माझ्याच फ्रॉकनं पुसायला लावलं. घरी आई म्हणाली, "उद्यापासून चटणी न्यायची. कुणी विचारलं तर भाजी सांगायची."

मी भाजी सांगितली. हॉस्टेलात सांगितली, पुण्यात सांगितली, जर्मनीत येऊनही सांगत राहिले. मूग गिळून पीएचडी झाले.

मित्रा माझ्याकडे बघत होती. मी भाजी म्हणते का, हे बघत नव्हती ती. तिला भाजी ठाऊकच नव्हती. आपलं काय चुकलं एवढंच ती शोधत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. मुग्धानं ताटली सिंकच्या कोपऱ्यात, भांड्यांपासून लांब ठेवली होती. पांढरी, चिनी मातीची. उचलली आणि काकूंच्या पायाशी फरशीवर आपटली. तुकडे कपाटाखालपर्यंत गेले. काकू किंचाळल्या.

"घ्या," मी म्हणाले. "झाली वेगळी."

निखिल धावत आला. "हळू बोल. रविवार आहे, रूहेत्साइट, शांतता पाळायची असते. शेजारी तक्रार करतील." मला दाराकडे न्यायला त्यानं माझं मनगट धरलं. मी हिसडा दिला, तो फ्रिजवर आपटला. ज्या बोटांनी व्हिडिओत ती पट्टी धरली होती ती बोटं मोडावीत असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं.

मोडली नाहीत. बाहेर येऊन टीव्हीपुढे उभी राहिले. "आमच्यात याला चान्या म्हणतात," मी म्हणाले. "माझ्या आजोबांनी तुमच्यासारख्यांची मेलेली गुरं ओढली. त्या मांसावर माझी आई वाढली. निखिल तेच पैसे मोजून खाऊन आला. त्याचे हात कुणी धुतले?"

सगळे ताटात बघत बसले. मी मित्राला कोट घातला.

घरी जाताना श्ट्रासेनबानमध्ये, ट्राममध्ये, तिनं जर्मनमधून विचारलं, मी काही वाईट बोलले का? "नाही," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. गुरुजी, रूळ, ओकारी, भाजी. मोठ्या आवाजात, मराठीत. समोरची बाई वळून बघत होती, बघू दे म्हटलं.

मित्रानं विचारलं, "तू मारलं नाहीस त्या गुरुजींना?"

"नाही."

"वारूम निश्ट? का नाही?"



सोमवारी ऑफिसात निखिल कॉफीच्या मशीनपाशी आला. हळूच म्हणाला, "आई जुन्या वळणाची आहे गं. हे आपल्या आपल्यात राहू दे. इथल्या लोकांना काय कळतंय त्यातलं."

"कळेल," मी म्हणाले. "मी सांगणार आहे. आधी आपल्या टीमला, मग एचआरला. जर्मनमध्ये, मधला एक शब्द न गाळता. तुला बसायचं असेल तर बस समोर."

त्याचा चेहरा उतरला. "करिअर आहे माझं," म्हणाला.

माझी मुलगी आहे. तिला मी भाजी शिकवणार नाही. यापुढे तिच्या घासावर कुणी बोट ठेवलं, तर ते बोट माझ्या हातात असेल, आणि या वेळी मी सोडणार नाही.