चांदबीला सोडवणारा माणूस

यूसुफभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, नसरीननं, फोनवर सांगितलं. "काका, अब्बा गेले. फजरच्या नमाजाला उठले, हातपाय धुऊन वजू केला आणि तिथंच बसले..." एवढंच ती बोलली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. तिच्यात यूसुफभाईंचं नाव एकदा होतं आणि माझं दोनदा. 'चांदबी अस्वलाला अभयारण्यात पाठवणाऱ्या व्यवस्थापकांचे सहकारी' अशी त्यांची ओळख करून दिली होती. आता महिना होत आला. मी एकोणऐंशी वर्षांचा आहे आणि त्या चार ओळी खऱ्या नाहीत, हे सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडे, एका ट्रस्टच्या बागेत व्यवस्थापक म्हणून लागलो. बागेत थोडे प्राणी होते. काही हरणं, मोर, पोपट, एक लंगडा कोल्हा आणि चांदबी. ही मादी अस्वल पिल्लू असताना वनखात्यानं अस्वल नाचवणाऱ्या एका दरवेश्याकडून सोडवली होती. वेसणीचं भोक नाकात तसंच राहिलं होतं. तात्पुरती म्हणून आमच्याकडे ठेवली, ती राहिलीच. छातीवर पांढरी चंद्रकोर, म्हणून यूसुफभाईंनी नाव ठेवलं चांदबी. ते तिचे रखवालदार. सकाळी उस्मानपुऱ्याहून सायकलवर येत आणि आधी तिच्या पिंजऱ्यापाशी जात.

चांदबी दिवसभर येरझारा घालायची. दारापासून हौदापर्यंत, हौदापासून दारापर्यंत. वळताना दर वेळी त्याच जागी मान झटकायची. फरशीवर तिच्या पावलांची वाट पडली होती. शाळेच्या सहलींतली मुलं टाळ्या वाजवायची, 'नाचतंय, नाचतंय' म्हणायची. फक्त एका वेळी ती थांबायची. दुपारी यूसुफभाई गजांबाहेर बादली पालथी घालून बसत आणि भुईमुगाच्या शेंगा सोलत. मग तीही समोर बसायची, मांडी घातल्यासारखी, आणि एकेका दाण्याची वाट बघायची. ते उठले की पुन्हा चालणं सुरू.

"साब, इसको जंगल भेजो," ते मला म्हणत. अस्वलांसाठी राखलेलं एक अभयारण्य शेजारच्या राज्यात आहे, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. मी म्हणायचो, "अहो, इथं वेळेवर खायला मिळतं, डॉक्टर येतो. आणि शहरातल्या पोरांनी प्राणी बघायचे कुठं?"

"पोरं काय बघतात साहेब? चांदबीला बघतात व्हय? ती इथं हैच कुठं! नुसतं कातडं फिरतंय."

"मग कोल्ह्यालाही सोडू का?"

"नक्को. तो लंगडा, म्हातारा. त्याला इथंच बरंय, माझ्यापरीस जास्त झोपतो. ज्याचं त्याचं बघावं लागतं साब."

एकदा वनखात्याचं पत्र आलं की, अस्वल अभयारण्यात हलवायचं की इथंच ठेवायचं, हे ठरवायला तपासणीचे लोक येणार आहेत. मला भीती वाटली. रविवारची गर्दी चांदबीसाठी यायची. वेरूळला जाणाऱ्या काही सहलीसुद्धा वाट वाकडी करून यायच्या. ती गेली तर बाग बंद पडेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे 'अस्वलवाल्या बागेचे साहेब' म्हणून लोक मला ओळखत, ते मला आवडत होतं. मी यूसुफभाईंना पत्राबद्दल काही सांगितलं नाही. सकाळी एवढंच म्हणालो, "पाहुणे येणार आहेत. आज शेंगा सकाळीच सोलायला बसा. दोन तास उठू नका."

ते बसले. पाहुण्यांसमोर चांदबी बसून राहिली, दाणे खात, शांत. तपासणीवाल्यांनी लिहिलं, 'प्राणी समाधानी, हलवण्याची आवश्यकता नाही.'

काही दिवसांनी तो अहवाल मी यूसुफभाईंना कौतुकाच्या सुरात वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. "म्हणजे ते लोक हेच बघायला आले होते? तिला पाठवायचं का नाय?" मी होकारार्थी मान हलवली. "आणि मी समोर बसलो होतो..." मग ते म्हणाले, "साब, मैंने ही उसको रोक लिया." तेव्हा मी बोलायला हवं होतं. ही तुमची चूक नाही, मी तुम्हाला मुद्दाम बसवलं, एवढंच वाक्य होतं. मी चहा मागवला.

पुढची चार वर्षं ते तिच्यासाठी अर्ज लिहून घेत राहिले, कधी नसरीनकडून, कधी डॉक्टरांकडून. शेवटी दुसरी तपासणी ठरली. ती चार दिवसांवर आली असताना यूसुफभाई कामावर यायचे बंद झाले. ज्यांनी ईदच्या दुपारीही कधी खाडा केला नाही, ते आठ दिवस बेपत्ता! फोन बंद. मी चिडलो. चांदबीसमोर माळ्याला शेंगा सोलायला बसवलं, तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तपासणीच्या दिवशी ती सकाळपासून चालत होती. आलेल्या डॉक्टरबाई गजांसमोर खुर्ची टाकून दोन तास बसल्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ही थांबते कधी?" हलवण्याचा हुकूम तिथंच निघाला.

यूसुफभाई परत आले तेव्हा मी मेमो तयार ठेवला होता. "काय लिहिलंय साब?" "विनापरवाना गैरहजर, कामात कसूर." "सही है," म्हणाले आणि सही केली. ते वेरूळला बहिणीकडे जाऊन राहिले होते. बहिणीनं मला नंतर सांगितलं की आठ दिवसांत भाऊ धड जेवला नाही. दुपार झाली की दारात येऊन बसायचा आणि म्हणायचा, "आता ती वाट बघत असंल."

चांदबी गेली आणि शाल-नारळ मिळाला मला. 'मुक्या जिवाला मुक्त करणारे व्यवस्थापक' असा मथळा छापून आला. मी भाषणही केलं. शेवटच्या रांगेत बसून यूसुफभाई टाळ्या वाजवत होते. बागेच्या कागदांत त्यांच्या नावावर तो मेमो तेवढा राहिला.

वर्षभरानं आम्ही दोघं तिला बघायला गेलो. कुंपणाआड केवढं तरी रान होतं, दगड, झाडं, ओढा. ती लांब एक वारूळ उकरत होती. अंगावर केस दाट आलेले, तोंड मातीनं माखलेलं. वळून मान झटकणं नाही, काही नाही. मी म्हणालो, "आवाज द्या की."

"नक्को साब. आवाज दी तो आएगी. इतकं चांगलं काम चाललंय तिचं, कशाला मोडायचं?" खिशात शेंगा आणल्या होत्या. त्या त्यांनी तिथल्या रखवालदाराला खायला दिल्या, आम्हीही खाल्ल्या. परतीच्या बसमध्ये ते इतके खुशीत होते की शेजारच्यानं विचारलं, "लग्नाहून आले का चाचा?" "पोरगी बघून आलो," म्हणाले, "सासरी रुळली!" तेव्हाही मी त्यांना ते एक वाक्य सांगू शकलो असतो. त्यांची खुशी मोडू नये म्हणून गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं मानत आलो. आता वाटतं, मी स्वतःलाच वाचवत होतो.

परवा उस्मानपुऱ्यात त्यांच्या खोलीत बसून मी नसरीनला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, हे अब्बांनी ऐकायला पाहिजे होतं. लई वर्षं मनाला लावून घेतलं त्यांनी. मला सांगून काय व्हणार?" मी म्हणालो, "लिहितो." ती म्हणाली, "लिहा."

तेवढ्यात खाटेवर ठेवलेला यूसुफभाईंचा फोन वाजला. नसरीननं तो उचलला नाही. "अभयारण्यातला रखवालदार आहे. दर जुम्म्याला दोन वाजता चांदबीची खबर द्यायचा. त्याला सांगायची माझी हिंमत होत नाही... तुम्ही बोला."

मी बोललो. यूसुफभाई गेल्याचं सांगितलं. मग तो म्हणाला, "तो साब, अब किसको बताऊँ?"

"मला सांगा."

त्यानं सांगितलं. ओढ्याकाठी नवं वारूळ सापडलंय, सकाळपासून चांदबीबाई तिथंच आहेत, कानापर्यंत माती. दुपारचं खाणंसुद्धा तसंच पडलंय. मी ऐकलेलं एकेक वाक्य मोठ्यानं नसरीनला सांगत होतो आणि ती डोळे पुसत हसत होती. शेवटी त्यानं विचारलं, पुढच्या शुक्रवारी याच नंबरवर फोन करू का?

मी नसरीनकडे पाहिलं. तिनं भिंतीला लावलेली अब्बांची खुर्ची उचलून खिडकीजवळ ठेवली. "करू द्या," म्हणाली. "पण दोनला पाच मिनिटं कमी असतानाच या काका. अब्बा कधी उशीर करत नव्हते."