रुईच्या पानाखाली

शनिवारी सकाळी मारुतीच्या हारासाठी रुईची पानं तोडायला आम्ही नवरा-बायको बांधावर गेलो. थंडीनं माझे हात खिशातून निघेनात.

बायको म्हणाली, "अहो, पान आधी उलटून बघा. खाली फुलपाखराची अंडी असतात."

शोधायचं काम दिलं की मी लई हुशार. लगेच ओरडलो, "हे बघ, सापडलं!"

ती वाकली. "हा चीक आहे. तुम्हीच देठ मोडलाय."

मग तिनंच एक पान हळूच उचललं. खाली एकच अंडं, खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरं. मी नाक लावून बघतच बसलो. फुलपाखरू पितं फुलातला रस. रुईचं पान ते स्वतः कधी खात नाही. तरी आपल्या लेकरांना हेच पान लागणार, हे त्याला सांगतं कोण? मला कोथिंबीर आणायला धाडलं तर मी शेपू घेऊन येतो. शाळा मी बघितली नाही हे खरं, पण त्यानं तरी कुठं बघितली?

"हे पान राहू द्या," बायको म्हणाली.

"अगं, हार आखूड होईल."

"होऊ दे. मारुती ब्रह्मचारी. त्याच्या गळ्यात दुसऱ्याची लेकरं कशाला?"

अंड्यांची पानं सोडत गेलो, तर हार एवढासा झाला. गळ्याला पुरेना, म्हणून मारुतीच्या मनगटात अडकवला.

पुजारी हसला. "कडं केलंस होय रे? बाकीची पानं कुठं?"

म्हटलं, "येतील मागून. उडत."