सगळ्यांचा एकच नंबर

माझी धाकटी बहीण गेल्याला चार महिने झाले. तिच्या कपाटात साड्या थोड्या आणि वह्या जास्त निघाल्या. त्यांतली निळ्या पुठ्ठ्याची एक वही मी बाजूला ठेवली आहे. तिच्यातलं काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्या कामाची माती कोणी केली तेही पाहिलं होतं. मला राग सावकाश येतो. आला की जात नाही.

ते काम झालं त्या वर्षांत आमच्याकडे जिकडेतिकडे बीटी कपाशी होती. पिशवीवर टपोरं बोंड छापलेलं असायचं आणि शेतात पानं लाल पडायची. मी सुलतानपूरच्या शाळेत मराठी शिकवायचो. बहीण लोणारला एका इमारतीत वरच्या मजल्यावर संगणकाचे वर्ग घ्यायची. तिच्या खालच्या खोलीत शहरातल्या एका संस्थेनं केंद्र उघडलं होतं. बियाणं फसलं असेल तर शेतकऱ्यानं तिथं यावं, संगणकावर तक्रार भरावी, नंबर घ्यावा. तक्रारींची यादी संचालकांच्या सहीनं तपासणी समितीकडे जाणार आणि समिती शेतात येऊन पाहणी करणार, अशी योजना. अट एकच: पाहणी होईपर्यंत कपाशीची पऱ्हाटी उपटायची नाही.

ही अट कोणी घातली देव जाणे. ज्यानं घातली त्यानं हरभरा कधी पेरला नसावा. कपाशी फसली की माणूस ती उपटून, जमिनीत ओल आहे तोवर हरभरा टाकतो. ओल कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. माझे काका रोज सकाळी बांधावर जाऊन ढेकूळ फोडून बघायचे आणि परत यायचे. "नंबर हाय ना माह्याजवळ," म्हणायचे. "येतीन."

केंद्राचे संचालक महिन्यातून दोनदा यायचे, जाकीट घालून. कोपऱ्यातल्या खोक्याला सर्व्हर म्हणायचे. त्यावर उद्घाटनाच्या दिवशीचं हळदकुंकू तसंच होतं. आत जाताना लोकांनी चपला काढायच्या, धूळ जाते म्हणून. संचालकांचे बूट चालायचे. रोजचं काम त्यांच्या मेहुण्याकडे. तक्रार टाइप करायची, बटण दाबायचं, पडद्यावरचा नंबर चिठ्ठीवर उतरवून द्यायचा. त्याला नंबर उतरवायला नेमलं होतं, वाचायला नव्हे.

बाजाराच्या दिवशी मी तिथं बसून लोकांना तक्रारी लिहून द्यायचो. खाली कार्बन ठेवायचो, कारण माझ्या लिहिण्याचं मला कौतुक होतं. पानं कोणत्या पंधरवड्यात लाल झाली, बोंडं किती धरली, किती गळली, सगळं नीट परिच्छेद पाडून. काकांची तक्रार तर दोन पानी होती.

भानगड उघडकीला आणली ती साखरखेर्ड्याच्या एका शिंपीचाचांनी. दुकान चालवून ते थोडी शेती करायचे. एका बाजारी ते आपली चिठ्ठी घेऊन माझ्याजवळ आले.

"मास्तर, तुमच्या काकाचा नंबर काय हाय?"

"चारशे सतरा."

"माहाबी चारशे सतरा." त्यांनी मागे वळून दोघातिघांच्या चिठ्ठ्या मागितल्या. सगळ्यांवर तेच. "दोन गिऱ्हाइकाच्या कपड्याले मी एक नंबर टाचला, तं लोकं माहंच माप घेतीन."

मेहुणा म्हणाला, "केंद्राचा नंबर असंन तो."

"मंग तक्रारीचा कुठी हाय?"

मेहुण्यानं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

मी वर जाऊन बहिणीला घेऊन आलो. तिनं खुर्चीवर बसून फॉर्म रिकामा ठेवला, नावसुद्धा घातलं नाही, आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं: आपली तक्रार नोंदवली आहे. तक्रार क्रमांक ४१७. आभारी आहोत.

ती हसली नाही. सर्व्हरवरच्या फाइली उघडून बघत बसली आणि थोड्या वेळानं मला म्हणाली, "दादा, वेब सर्व्हर म्हणजे पोस्टमन समज. जो कागद मागतला तो जसाच्या तसा आणून देते. त्यातलं वाचत नाई, करत नाई. वाचून काम करणारा कारकून वेगळा असते. त्याचं नाव पीएचपी. त्याले आणून पोस्टमनच्या बाजूले बसवा लागते, अन् सांगा लागते का अशा अशा फाइली याच्याकडे दे. इथं पोस्टमन एकटाच हाय."

तक्रार साठवणारी पीएचपीची फाइल त्याच फोल्डरात पडली होती, व्यवस्थित लिहिलेली. ती चालवायची सोय संगणक बसवणाऱ्या ठेकेदाराला उद्घाटनाआधी जमली नाही. मग त्यानं साधं आभाराचं पान बनवलं, त्यात मनानं एक नंबर टंकला आणि फॉर्म त्या पानाला जोडला. उद्घाटनापुरतं. टाळ्या वाजल्या, नारळ फुटला आणि ते पान हंगामभर आभार मानत राहिलं.

"म्हणजे मी लिहिलेलं?" मी विचारलं.

"कुठीच नाई गेलं. एका अर्थी बरं झालं. लय लांब लिहितो तू."

तिनं मेहुण्याकडे केंद्राची किल्ली मागितली. "करा काय करायचं ते," तो म्हणाला. "फक्त माह्यावर येऊ देऊ नका." त्याच्या तोंडून निघालेलं हे एकच प्रामाणिक वाक्य.

काम दोन दिवस चाललं. निळ्या वहीत ते सगळं आहे. सर्व्हरची एक मांडणीची फाइल असते. तो सुरू होताना ती वरून खाली वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. तिच्यात एक ओळ घालायची की पीएचपी अमुक जागी आहे, ते सोबत घे. तिनं घातली, तर सर्व्हर सुरूच होईना. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की ठेकेदारानं आणून टाकलेला, दोघांना जोडणारा भाग सर्व्हरच्या जुन्या आवृत्तीसाठीचा होता. योग्य आवृत्तीचा पीएचपीच्याच फोल्डरात, त्याच्या शेजारी होता. तो लावला. सर्व्हर सुरू झाला, पण पान उघडलं तर पडद्यावर प्रोग्रामचा मजकूरच उमटला, कंस आणि चिन्हांसकट. कारकून येऊन बसला होता, पण कोणते कागद त्याचे हे पोस्टमनला कोणी सांगितलं नव्हतं. त्याची दुसरी ओळ. मग पुन्हा बंद, पुन्हा सुरू. शेवटी तिनं फक्त चालू वेळ दाखवणारं एक पान केलं. उघडलं, तीन वाजून बारा मिनिटं. पुन्हा उघडलं, तेरा. कारकून कामाला लागला होता. ती खुर्चीला टेकली आणि चहा मागवला.

फॉर्म खऱ्या फाइलीला जोडल्यावर शिंपीचाचांचा नंबर एक आला. त्यांनी चिठ्ठी टाचणीनं खिशाला लावली. माझ्या कार्बनवरून आम्ही जुन्या सगळ्या तक्रारी पुन्हा भरल्या. काकांचा नंबर सहा.

तो सांगायला ती माझ्याबरोबर सुलतानपूरला काकांच्या शेतात आली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काऊन बे मास्तर, तू तं लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं, काका."

"कोणाले?"

मी बहिणीकडे पाहिलं. मग ते तिला म्हणाले, "पोरी, तू सांग. उपटू का थांबू?"

ती ढेकूळ हातात घेऊन उभी होती. "आठ दिवस थांबा, काका. आता खरंच नोंद झाली हाय. यादी मी सोता देतो."

या वाक्याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही. न वाचणारं फक्त यंत्रच होतं, असं तिला वाटलं. बाकीच्यांनाही वाचता येतं हे तिनं धरून चाललं. शिकलेल्या माणसाची चूक आहे ही.

तिनं यादी छापून संचालकांच्या टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशी ते आले. यादी चाळून म्हणाले, "ताई, एवढ्या तक्रारी? वरच्यांना बरं नाही दिसणार. आधीचं काय वाईट होतं? शेतकऱ्याला नंबर मिळत होता, समाधान होत होतं."

"नंबर खोटा होता, सर."

"समाधान खरं होतं ना?" ते म्हणाले आणि कप यादीवर ठेवून उठले.

आठव्या दिवशी यादी तिथंच होती, सहीशिवाय, कपाचे तीन गोल उमटलेली. फॉर्म भरायला आलेले लोक पडद्यासमोर उभे होते. पडद्यावर पुन्हा कंस आणि चिन्हं. आपल्याच हातानं काहीतरी बिघडलं असं एका म्हाताऱ्या बाईला वाटून ती मेहुण्याची क्षमा मागत होती. त्यानं ती दिलीही.

बहिणीनं मांडणीची फाइल उघडली. तिच्या दोन ओळी जागेवर होत्या. कोणीतरी दोन्हींच्या आधी एकेक चिन्ह ठेवलं होतं, आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीसारखं. ते असलं की सर्व्हर ती ओळ ओलांडून पुढं जातो. पुसायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. ती चिन्हं काढायच्या आत मेहुण्यानं किल्ली मागून घेतली. "वरून फोन हाय," म्हणाला.

त्याच दुपारी ती बसनं सुलतानपूरला आली. काका बांधावर होते.

"उपटा, काका. कोणी येत नाई."

त्यांनी झाडं उपटायचे लोखंडी चिमटे आणले. एक तिच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं पऱ्हाटी उपटत होतो. तिच्या तळहातांना फोड आले. हरभरा पेरला तेव्हा वरची माती भुरभुरीत झाली होती. निम्माअधिक उगवलाच नाही. काकांनी तिला त्याबद्दल एक शब्द कधी ऐकवला नाही. मला ऐकवले.

ती गेल्यावर दहाव्याच्या दिवशी संचालक भेटायला आले. आता त्यांची संस्था मोठी आहे आणि जाकीट पांढरं आहे. सतरंजीवर बसून ते म्हणाले, ताई आमच्या त्या प्रकल्पाचा कणा होत्या, ग्रामीण भागात संगणक नेणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावं लागेल. लोक माना हलवत होते. मीही हलवली असेल, सवयीनं.

काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आता कमी दिसतं. बोलणं संपायची त्यांनी वाट पाहिली.

"साहेब," ते म्हणाले, "पाहणीले कधी येता? सहा नंबर हाय माहा."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं, म्हातारा काय म्हणतो म्हणून. मी सांगितलं नाही.