पंख्याला बांधलेला हार

त्या वर्षी माझं आणि दत्तगुरूंचं बोलणं बंद होतं. नास्तिक झालो होतो असं नाही, रुसलो होतो. धाकटा भाऊ काविळीनं अंथरुणाला खिळला तेव्हा मी सात दिवसांचं पारायण धरलं होतं. पाचव्या दिवशी तो गेला. उरलेले अध्याय मी वाचलेच नाहीत. पोथी लाल कापडात बांधून वरच्या फळीवर टाकली आणि शांती नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवा लावायचं काम बायकोवर सोडून दिलं. ती दिवा लावायची आणि मी देव्हाऱ्याकडे पाठ करून चहा प्यायचो. तिनं मला कधी टोकलं नाही. टोकलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मी मूळचा रत्नागिरीचा. भाईंदरजवळ हाटकेशला माझा लहानसा गाळा आहे, तिथं मी मच्छीमार बोटींचे शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारे दांडे, बनवतो आणि पंखे बसवतो. बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली हा पितळी पंखा फिरतो तेव्हा बोट पुढे सरकते. शाफ्टवर पंखा चढवायचा, त्याच्यामागे खाचांचा मोठा नट आवळायचा, आणि मग नटाच्या खाचेतून शाफ्टच्या भोकात एक पिन घालून तिचे पाय फाकवायचे. पिन दिसायला बायकांच्या केसांतल्या आकड्याएवढी, पण ती नसेल तर बोट मागे घेताना नट हळूहळू सुटत जातो. नट गेला की पंखा समुद्राच्या तळाशी, आणि बोट वारा नेईल तिकडे. वीस वर्षांत माझ्या हातून एक पिन राहिली नव्हती. ही गोष्ट मी न विचारताही लोकांना सांगायचो.

उत्तनच्या कोळीवाड्यातल्या अंतोनच्या बोटीचा पंखा झिजून गेला होता. पात्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि बोट चालताना अख्खी थरथरायची. हे काम उधाणाच्या दिवसांतच होतं. मोठ्या भरतीला बोट वर घ्यायची, ओहोटीला ती चिखलात उघडी पडली की काम उरकायचं आणि पुढच्या भरतीला ती तरंगायच्या आत बाजूला व्हायचं. त्या वेळी नेमकी सर्वपित्री अमावास्या आली. बायको म्हणाली, "अहो, आज तरी घरी थांबा. भाऊजींचं पान वाढायचंय." मी म्हणालो, "दुपारी येतो जेवायला," आणि उजाडायच्या आत निघालो. खरं सांगायचं तर मला ते पान बघायचंच नव्हतं.

काम छान झालं. शाफ्ट नवा, पंखा नवा. नट आवळून पाना खाली ठेवला तेवढ्यात अंतोनची आई चिखल तुडवत आली. सगळा पाडा तिला मावशी म्हणायचा. नवरा समुद्रानं नेलेला आणि अंतोन एकुलता एक. किनाऱ्यावरच्या क्रुसाला वाहिलेला झेंडूचा हार तिच्या हातात होता, नव्या पंख्याला बांधायला आणलेला. तो तिनं जाळं विणायच्या जाड हिरव्या नायलॉन दोऱ्यात ओवला होता.

"तुजा काम झाला ना मिस्तरी? आता माजा हाय."

माझं टाळकं सरकलं. देवाचं नाव काढलं की तेव्हा माझं असंच व्हायचं. "मावशी, पाणी चढलं की पाच मिनिटांत ही फुलं मासे खातील. आणि फुलं ओवायला जाळ्याचा दोरा?"

"घरात तोच व्हता," ती शांतपणे म्हणाली.

"बांधा काय बांधायचं ते," असं म्हणून मी तणतणत बाजूला झालो आणि हत्यारं धुवायला लागलो. तोवर पाणी आत शिरायला लागलं होतं. साडेअकराला बोट तरंगली. अंतोननं लांबून हात केला, बोटीवरच्या इतर चौघांनीही केला, आणि ते चार दिवसांच्या मासेमारीला निघून गेले.

घरी पोचलो तर केळीच्या पानावर भावाच्या नावानं सगळं वाढून ठेवलं होतं. आंघोळीला जाताना शर्ट काढला आणि खिशातून फरशीवर काहीतरी टणकन पडलं. नवी कोरी पिन होती ती. मी तिथंच पानासमोर बसलो. मोबाइल तेव्हा आले होते, पण किनारा दिसेनासा झाला की त्यांची रेंज जायची, आणि अंतोनच्या बोटीवर वायरलेस नव्हता. पाच माणसं माझ्या भरवशावर गेली होती.

मनात काय आलं तेही लिहितो, लपवत नाही. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण बायकोनं पिन उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "त्या आईला सांगून या." भाईंदर पश्चिमेपर्यंत रिक्षा केली, तिथून उत्तनची बस धरली. मावशी ओट्यावर जाळं विणत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला. ती शिव्या देईल, छाती पिटेल, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

"जेवलास काय?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो. तिनं आत जाऊन भात आणि बोंबलाचं कालवण आणलं. माझ्या भावाला बोंबील फार आवडायचे. सर्वपित्रीचं वाढलेलं पान घरी सोडून आलेला मी त्या ओट्यावर रडत रडत जेवलो. मग तिनं पुतण्याला बोलावून घेतलं. त्याची बोट सकाळी निघणार होती. दिसले तर त्यांना थांबव, असं तिनं त्याला सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्या हातातला येवढाच हाय."

पुढचे तीन दिवस मी संध्याकाळी उत्तनला जाऊन त्या क्रुसाजवळ बसायचो. पुतण्याचीही काही खबर नव्हती. मला येशूची प्रार्थना येत नाही आणि दत्तगुरूंशी बोलणं बंद होतं. पहिल्या दिवशी नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी नवस बोलायला लागलो आणि माझीच मला लाज वाटली. भावाच्या वेळी हेच सौदे केले होते. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "महाराज, चूक माझी आहे. माझ्याकडे द्यायला काही नाही आणि करायलाही काही उरलं नाही. ती पाच माणसं तुमची." एवढंच बोललो, पण वर्षभरानंतर पहिल्यांदा बोललो. त्या रात्री मला झोप लागली.

चौथ्या दिवशी दुपारच्या भरतीला बोट आली. अंतोन उतरल्या उतरल्या म्हणाला, "मिस्तरी, पंखा झकास हाय! वाऱ्यात दोनदा जोरात मागं घेतली, कायपण झाला न्हाय." मी त्याचा दंड घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. पुतण्याची बोट त्यांना भेटलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात उतरून पाहिलं. फुलं कधीच गेली होती. पण तो हिरवा दोरा शाफ्टच्या भोकातून आरपार गेला होता, नटाच्या खाचांत चार वेढे बसला होता आणि त्याला कोळ्यांची पक्की गाठ होती. नट थोडा मागे फिरला होता, दोऱ्याला अडला होता आणि तिथंच थांबला होता. चारपैकी दोन वेढे तुटले होते.

"मावशी, हार इथं का बांधलात?" माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या तिला मी विचारलं.

"भोक मोकला दिसला," ती म्हणाली. "मना वाटला, तू हारासाठी ठेवलास."

कोयतीनं दोरा तिनंच कापला. मी पिन घातली, पाय फाकवले, पिनेवरून तीनदा हात फिरवून पाहिला. दोऱ्याचा तुकडा तिच्याकडून मागून घेतला. घरी येऊन पोथी खाली काढली आणि उरलेले दोन दिवसांचे अध्याय भावासाठी वाचले. तो दोरा आमच्या देव्हाऱ्यात पादुकांशेजारी आहे.

कुणी म्हणेल, नायलॉन आहे, धरणारच. बरोबर आहे, मिस्तरी म्हणून मीही तेच सांगेन. भाऊ का गेला आणि ही पाच माणसं का परत आली, ते मला आजही कळत नाही, आणि आता मी त्याचा जाब मागत नाही. माणसानं आपली पिन नीट बसवावी आणि उरलेलं त्याच्या हवाली करावं, एवढंच मी शिकलो. त्याचा हात कुणाच्या हातातून येईल हे ठरवणारा मी कोण?

तेव्हापासून मी बनवलेल्या प्रत्येक शाफ्टच्या अगदी टोकाला, पिनेच्या भोकापलीकडे, आणखी एक बारीक भोक पाडतो. गिऱ्हाइकं विचारतात, मिस्तरी, हे दुसरं कशाला?

मी सांगतो, "हारासाठी."