घुबडांपायी झालेला मनस्ताप

चार मराठी माणसं एका छंदाला लागली की छंद राहतो बाजूला, किस्सेच साठतात. त्यातून लॉकडाऊन असेल तर विचारूच नका! बुइटनव्हेल्डर्ट या आमच्या डच उपनगरातला बॅडमिंटन हॉल बंद झाला आणि आम्ही पक्षी बघायला लागलो. मी, नवरा निखिल, मैत्रीण मेधा आणि निखिलच्या ऑफिसातला शिरीष. हिवाळा सरताना, झाडांना पानं फुटायच्या आत, शनिवारी उत्तरेला ड्रेंथच्या जंगलात जायचं. तिथं घुबडं आणि गरुड दिसतात म्हणे. दिसले किती ते सोडा. डोकं मात्र दर वेळी फिरलं!

*

शिरीषची लेन्स तोफेएवढी. पण घुबडं नेमकी कुठं बसतात हे इथं कोणी सांगत नाही, गर्दी होते म्हणून. एक डच आजोबा दुर्बीण घेऊन येताना दिसले. शिरीषनं अदबीनं विचारलं, "घुबडं कुठं आहेत?"

आजोबा तितक्याच अदबीनं म्हणाले, "झाडावर."

शिरीष घरी पोचेपर्यंत धुमसत होता. "म्हणजे मी काय पाण्यात शोधत होतो?"

*

समुद्रगरुडाला डच लोक 'उडतं दार' म्हणतात, ते उगाच नाही. आमच्या गाडीवरून इतक्या खालून गेला की सावली पडली! आणि निखिल? आत बसून ऑफिसच्या कॉलवर! मी काच बडवली. त्यानं एक बोट वर केलं. वन मिनिट!

संध्याकाळी विचारतो, "फोटो तरी काढलास का?"

"काढला ना. तुझा. बोट वर केलेला!"

*

मग नियम आला, बाहेर दोघांपेक्षा जास्त जणांनी एकत्र फिरायचं नाही. झालं! दोन गाड्या, दोन टोळ्या. शिरीष आणि मेधा पुढं, आम्ही लांब मागं. शिरीषला मागं वळल्यावर लेन्समधून घुबड दिसलं, पण ओरडलं तर ते उडणार. म्हणून त्यानं व्हॉट्सॲप केलं. जंगलात रेंज कुठली! आम्ही गारठून परत निघालो. हायवेवर मेसेज टपकला : "थांबा. तुमच्या डोक्यावर आहे. ओरडू नका."

ओरडू नका म्हणे! मी फोन लावून जी काही ओरडले!

*

त्यात रात्रीची संचारबंदी. अंधार पडता पडता घुबड उठणार, अंग झाडणार, आणि नेमकी तेव्हाच आमची घरी पळायची घाई. शिरीष म्हणाला, "इथं राहायचं परमिट माझ्याकडे, टॅक्स मी भरतो, आणि रात्रभर फिरायची मुभा त्याला!"

*

मेधाच्या सासूबाई, माई, पुण्याहून आल्या होत्या आणि विमानं रद्द झाल्यानं इथंच अडकल्या. दोघांचा नियम सैल झाल्यावर एकदा त्याही आमच्याबरोबर जंगलात आल्या. पण घुबड अशुभ, त्याचं तोंड बघायचं नाही, म्हणून गाडीतच बसल्या.

समोरच्या पाइनवर लांब कानांचं घुबड गाढ झोपलेलं. खाली हिरव्या जॅकेटातला एक फोटोग्राफर. त्याला डोळे उघडे हवे होते. त्यानं टाळ्या वाजवल्या. मग मोबाइलवर घुबडाचा आवाज लावला, तोही फुल व्हॉल्यूममध्ये! आमचा नुसता जळफळाट. बोलायचं मात्र कोणाच्यानं होईना. आपलं डच मोडकं, त्यात आपण बाहेरचे.

तेवढ्यात गाडीचं दार धाडकन आपटलं. माई तरातरा जाऊन त्याच्या आणि झाडाच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"अरे ए! झोपलंय ना ते? रात्रपाळी करून आलंय बिचारं! तुझ्या बापाला उठवशील का असं?"

एक अक्षर कळलं नसणार त्याला. पण मोबाइल बंद केला, "सॉरी, मॅडम" म्हणाला आणि ट्रायपॉड उचलून चालता झाला.

मेधा म्हणाली, "माई, तुम्ही तर घुबडाचं तोंड बघणार नव्हता!"

माई फणकारल्या, "बघितलं कुठं? त्याच्याकडे पाठ करून उभी होते!"