तांबड्याचा घाम

दाम्दिन म्हाताऱ्याचा हात लागला की घोडा शर्यतीत पळतो, हे आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला सांगत बसत नाही. यंदा त्याच्या गेरपुढच्या, म्हणजे लोकरी तंबूपुढच्या, दोराला तांबडा घोडा बांधलेला होता, आणि यंदाच दाम्दिनच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला होता.

सकाळी तांबड्यावर जाड लोकर टाकायची, त्याला दुडक्या चालीनं टेकडीवर न्यायचं आणि परत आलं की घाम लाकडी पट्टीनं निपटून जिभेवर घ्यायचा, हा त्याचा रिवाज. कच्च्या घोड्याचा घाम खारट लागतो. अंगातली गवताची चरबी झडत गेली की तो पाण्यासारखा बेचव होतो, म्हणजे घोडा शर्यतीला तयार. तांबड्याचा घाम मात्र पहिल्याच दिवसापासून बेचव!

"असं कसं रे?" दाम्दिन तांबड्यालाच विचारायचा आणि पट्टी पुन्हा चाटायचा.

लीद फोडून बघावी तर हिरवी, ओली. पोट लोंबतंय. टेकडी चढला की श्वास लवकर ठिकाणावर येत नाही. सगळा घोडा नाही म्हणत होता, घाम तेवढा हो म्हणत होता. तयार घोड्याला आणखी घामवलं तर तो वाळून जातो, आणि कच्च्याला नादमच्या जत्रेतल्या शर्यतीत सोडलं तर त्याची छाती फुटते. चूक कुठलीही झाली तरी जीव तांबड्याचाच जायचा. बाप सांगून गेला होता, सगळ्यावर संशय घे, जिभेवर घेऊ नकोस. शेवटी दाम्दिननं जिभेचंच ऐकायचं ठरवलं.

दुसरं एक दुखणं त्यानं मनातच ठेवलं होतं. वसंतात त्याला ताप आला, बायकोनं, त्सेरमानं, रात्रंदिवस उशाशी बसून काढला, आणि तेव्हापासून तिच्या चहात मीठच पडेना; आमच्याकडं चहा मिठाचाच पितात. बिचारी थकली, म्हणून हा मुकाट्यानं पीत होता.

त्या सकाळी तांबडा बाहेर लोकरीखाली घामेजून उभा होता आणि शेजारचा ओचिर चहाला आला.

"नादमला नेतोस ना?"

"नेतो. घाम पाण्यासारखा झालाय." दाम्दिननं वाडगा रिकामा करून खाली ठेवला.

ओचिरनं एक घोट घेतला आणि दाराबाहेर धावत जाऊन थुंकला. "वहिनी, मारता की काय! खाऱ्या तळ्यातनं पाणी आणलंत का?"

त्सेरमानं चाखून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई, दोनदा पडलं वाटतं. आणि म्हाताऱ्या, तू कसा रे गटागटा प्यायलास?"

दाम्दिन रिकाम्या वाडग्याकडे बघत राहिला. "यात मीठ होतं?"

"रोजच असतं."

"मला वाटलं, तू विसरतेस."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

त्सेरमाला हसावं की रडावं कळेना. दाम्दिन तडक उठला, बाहेर जाऊन त्यानं तांबड्याच्या मानेवरून पट्टी फिरवली आणि ती मागोमाग आलेल्या बायकोपुढे धरली. ती पट्टी आजवर त्याच्याशिवाय कुणी तोंडाला लावली नव्हती.

"चाट."

"मी?"

"चाट म्हणतो ना!"

तिनं जीभ लावली. "खारट आहे."

"किती खारट?"

"किती म्हणजे? मला कुठं माझ्या बापानं घोडे शिकवलेत!" मग तिनं जरा विचार केला. "आत्ताच्या चहापेक्षा कमी. रोजच्या चहापेक्षा जास्त."

रोजचा चहा कसा लागायचा ते दाम्दिन आठवू लागला. आठवेना. त्याला एकदम भीती वाटली, तापातही वाटली नव्हती इतकी. मग त्यानं तांबड्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि जरा वेळानं त्याला दोरावरून सोडलं.

"अरे, आणि नादम?" ओचिर ओरडला.

"कच्चा आहे तो. जाऊ दे चरायला."

तांबडा टेकडीआड गेला तरी दाम्दिन तिकडेच बघत होता. त्सेरमानं जवळ येऊन हळूच विचारलं, "आता चहात मीठ टाकू की नको?"

"टाक," दाम्दिन म्हणाला. "आणि किती खारट झालाय, ते रोज मला सांगत जा."