मेट्रनबाई नाडी धरत

मेट्रनबाई क्षमेचं नाव काढत नसत. पनवेलच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात बाकी सगळे 'सोडून दे, विसरून जा' म्हणत माझं डोकं खात होते. या बाईंनी मात्र पहिल्याच सकाळी विचारलं, "कुणाला मारायचंय?"

"माज्या दादाला."

"कशानं?"

"कोयत्यानं. होडीत फलीखाली ठेवलाय."

"राहू दे तिथंच. खाऱ्या हवेत गंजतोय तोवर आपण वाचू."

नगरकडच्या एका मिशन इस्पितळात उभा जन्म काढून बाई निवृत्त झाल्या होत्या आणि आता या केंद्रात राबत होत्या. पांढरी साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ आणि काखेत पवित्र शास्त्र. मी उरणच्या मोरा बंदरावरचा कोळी, दारूपायी नोकरी आणि बायको दोन्ही घालवून बसलेला. आई गेली त्या दिवशीही मी पिऊनच होतो. तिरडीला हात लावायला गेलो तर दादाने अख्ख्या कोळीवाड्यासमोर माझी गचांडी धरली. "पिऊन आयलास? आयेला हात लावू नको." आईला खांदा द्यायला गावातले लोक होते, मी नव्हतो. पुढची दोन वर्षं मी दारू प्यायलो ती दादाच्या नावाने. त्याला संपवायचं आणि मग आपण संपायचं, एवढाच माझा बेत होता.

बाईंनी मला बायबलातली स्तोत्रं काढून दिली, तीही गोडगोड नव्हेत. वैऱ्याचं वाटोळं कर, असं देवाला तोंडावर सांगणारी. मी म्हणालो, "मी एकवीरेचा मानूस, मना ह्ये कशाला?" त्या म्हणाल्या, "एकवीरा आईच्या पाया पड की, कोण अडवतंय? तुझ्याकडे राग आहे आणि इथं तो मांडायला शब्द आहेत. 'वैरी' आला की दादाचं नाव घाल. मोठ्यानं वाच."

मी रोज सकाळी चहानंतर वाचत असे आणि त्या माझं मनगट धरून घड्याळावर नाडी मोजत असत. वाचून झालं की म्हणत, "एकशे बारा. अजून आहे. उद्या परत." एवढाच त्यांचा उपदेश. दादाचं नाव घेऊन देवाकडे त्याचा सत्यानाश मागताना मला जे सुख व्हायचं ते दारूतही कधी झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

एका स्तोत्रात मात्र मी अडलो. तो गाणारा शाप देता देता मध्येच सांगतो की हेच वैरी आजारी पडले होते तेव्हा आपण त्यांच्यासाठी सख्ख्या आईचा शोक करावा तसा शोक केला होता. ती ओळ मी गाळायचो. बाईंच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं असणार, पण बारा-पंधरा दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदा त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. मी 'आई' म्हटलं आणि पुढे वाचताच येईना. ती गेल्यापासून मी रडलोच नव्हतो, नुसता पीत होतो. त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत रडलो. बाई मनगट धरून बसून राहिल्या, आकडा सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. "आज दादाच्या जागी माझं नाव घाल. माझा धाकटा भाऊ वडिलांच्या दफनाला पिऊन आला होता. मी त्याला फाटकातून हाकलला. पेटीला हात लावू दिला नाही. तो गेला तो परत आलाच नाही."

माझं डोकं सणकलं. इतके दिवस जिच्यापुढे दादाला शिव्या घातल्या, ती दादाच निघाली. मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिचं नाव घेऊन अख्खं स्तोत्र वाचलं, एक अक्षर न गाळता. बाई ताठ बसल्या होत्या. हाताखाली नाडी इतकी धावत होती की मला मोजता येईना. शेवटी त्या "आमेन" म्हणाल्या आणि भाजी निवडायला निघून गेल्या. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी आपण होऊन मनगट पुढे केलं.

केंद्रातून सुटल्यावर मी पनवेलमध्येच एका गॅरेजात कामाला लागलो. कित्येक वर्षं दर रविवारी बाईंकडे जायचो. नव्या विमानतळासाठी उलव्याचे डोंगर फुटायला लागले त्या सुमारास त्या गेल्या. शेवटच्या आजारात एकच म्हणाल्या होत्या, "पेटीला पुढून तू लाग. पिऊन नको, शुद्धीवर ये म्हणजे झालं." मी पुढून खांदा दिला. त्यांचा भाऊ कुठून तरी बघत असेल का, असं मनात येऊन सारखा मागे वळून बघत होतो.

दफनभूमीतून तडक एसटी पकडून मोऱ्याला गेलो. दादा ओट्यावर जाळं विणत होता, पार म्हातारा झालेला. त्याने जाळं सरकवून जागा केली. मी बसलो नाही.

"दादा," मी म्हणालो, "आयेला खांदा तू मना देऊ दिला नाय. पन तुला मीच देनार. शुद्धीवर येऊन देनार. गाव बघल."

याहून मोठा सूड मला सुचला नव्हता. दादाने जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली.

"मंग येत जा मदीमदी," तो म्हणाला. "शुद्धीवर हायस का नाय, मना कसं कलंल?"